संशय, भास आणि तिन्हीसांजेची घालमेल

फ्रँकफर्टमधल्या एका रेल्वे कारकुनाची बायको, ऑगस्टे डेटर, १९०१ साली अचानक नवऱ्यावर संशय घेऊ लागली. शेजारणीशी त्याचं काहीतरी चालू आहे, असं तिच्या मनाने घेतलं. तोवर दोघांचा संसार सुरळीत चालला होता. पुढच्या काही महिन्यांत तिचा स्वयंपाक बिघडू लागला, घरातल्या वस्तू उचलून ती कुठेतरी दडवू लागली, कोणीतरी आपल्या जिवावर उठलंय म्हणून किंचाळू लागली. नोव्हेंबरमध्ये तिला शहरातल्या मनोरुग्णालयात दाखल करावं लागलं. तेव्हा तिचं वय होतं ५१.

तिथले डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी तिच्या वागण्याची बारकाईने टिपणं ठेवली. कधी ती डॉक्टरांचं पाहुण्यासारखं स्वागत करी आणि काम अजून आवरलं नाही म्हणून ओशाळून जाई. कधी तेच डॉक्टर आपल्याला चिरणार आहेत म्हणून आकांत मांडी. कधी आपल्या अब्रूवर घाला येतोय अशा समजुतीने त्यांना तावातावाने हाकलून देई. अंथरूण-पांघरूण ओढत फिरे, नवऱ्याला आणि मुलीला हाका मारी, तासन्‌तास भेसूर आवाजात ओरडत राही. १९०६च्या एप्रिलमध्ये ती वारली. अल्झायमर तेव्हा म्युनिकला होते. तिचा मेंदू मागवून घेऊन त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासला, तेव्हा पेशींबाहेर साचलेली पुटं आणि पेशींच्या आत झालेला तंतूंचा गुंता त्यांना दिसला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्युबिंगेनच्या सभेत त्यांनी हे निष्कर्ष मांडले, आणि १९१०मध्ये एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमर यांचं नाव दिलं.

पुढच्या शंभर वर्षांत अल्झायमर म्हणजे विसरणं, हे समीकरण लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं. प्रत्यक्षात १९०७च्या लेखात अल्झायमर यांनी ऑगस्टेचं पहिलं ठळक लक्षण म्हणून नोंदवला तो तिचा संशय. विस्मरण त्याच्या मागोमाग आलं. ज्या घरात हा आजार शिरला आहे, तिथल्या माणसांना याचं आश्चर्य वाटणार नाही. हरवलेला चष्मा शोधून देता येतो, तोच प्रश्न दहा वेळा विचारला तर दहा वेळा उत्तरही देता येतं. पण चोरीचा आळ, रात्रभर चाललेल्या येरझारा, आंघोळ घालताना उगारलेला हात हे रोजचं झालं की घर मेटाकुटीला येतं.

डॉक्टरी भाषेत या सगळ्याला ‘बीपीएसडी’ म्हणतात, म्हणजे स्मृतिभ्रंशातली वर्तणुकीची आणि मानसिक लक्षणं. १९९६च्या एका आंतरराष्ट्रीय बैठकीत हे नाव ठरलं. त्याआधी दोन वर्षं अमेरिकी मेंदूविकारतज्ज्ञ जेफ्री कमिंग्ज यांनी ही लक्षणं मोजण्यासाठी एक प्रश्नावली तयार केली होती. त्यात आधी दहा गोष्टी होत्या, नंतर बारा झाल्या: खोट्या समजुती, भास, आक्रमकपणा, उदासी, चिंता, अकारण आनंद, निरिच्छा, सुटलेली भीड, चिडचिड, निरर्थक चाळे, रात्रीची झोप आणि खाणंपिणं. जगभर आजही हीच प्रश्नावली वापरतात. अमेरिकेच्या युटा राज्यातल्या कॅश काउंटीमध्ये संशोधकांनी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं, तेव्हा पाच वर्षांच्या काळात ९७ टक्के रुग्णांत यातलं किमान एक लक्षण आढळलं. ज्याच्यात काहीच दिसत नाही असा रुग्ण विरळाच.

चोर घरातलाच

या आजारात सगळ्यात जास्त आढळणारी खोटी समजूत चोरीची असते. चित्र साधारण असं. आजीला वाटतं, घरात चोर शिरतील. म्हणून ती पाटल्या काढते, जुन्या ब्लाउजपीसमध्ये बांधते आणि तांदळाच्या डब्यात तळाशी खुपसते. तासाभराने मनगटाकडे लक्ष जातं. पाटल्या नाहीत. आपण त्या ठेवल्या, ही आठवणच मेंदूत उमटलेली नाही, त्यामुळे आठवायला काही शिल्लकच नाही. हात मात्र रिकामे आहेत, हे डोळ्यांना दिसतंय. मग उरतो एकच अर्थ, कोणीतरी घेतल्या. आणि घरात दिवसभर समोर कोण असतं? सून, नाहीतर कामाला येणारी बाई.

एरवी कोणालाही असा संशय आला, तरी मेंदूचा पुढचा भाग त्याला अडवतो, ‘जरा थांब, नीट बघ’ म्हणून बजावतो. अल्झायमरमध्ये ही तपासणीच ढिली पडते. म्हणून सुनेने डब्यातून पाटल्या काढून समोर धरल्या तरी आजीचं समाधान होत नाही. उलट ‘बघा, हिनेच लपवल्या होत्या’ असं ती शेजाऱ्यांना सांगते. वीस वर्षं जिने सगळं केलं, तिच्यावरच आळ येतो, तोही चारचौघांत. कपाळाला हात लावून बसलेली सून ‘म्हातारचळ लागलाय’ म्हणते, मुलगा आईशी वाद घालतो आणि संध्याकाळी घरात कोणी कोणाशी बोलत नाही.

वाद घालून ही समजूत हलत नाही, हे जगभरच्या तज्ज्ञांचं मत आहे. त्यापेक्षा ‘अगंबाई, पाटल्या गेल्या? चला, आपण दोघी शोधू’ म्हणत सोबत उठलेलं चांगलं. लपवण्याच्या जागा सहसा ठरलेल्या असतात: गादीखाली, देव्हाऱ्याच्या खणात, पिठाच्या डब्यात. त्या एकदा माहीत झाल्या की शोध लवकर संपतो. खरे दागिने आधीच सुरक्षित ठेवावेत.

चोरीखेरीज आणखी काही समजुती पुन्हा पुन्हा दिसतात. माळ्यावर किंवा आतल्या खोलीत कोणी परकं माणूस राहतंय असं वाटणं. टीव्हीवरची माणसं खरोखर दिवाणखान्यात आली आहेत असं समजून त्यांच्यासाठी चहा ठेवायला सांगणं. आरशातल्या स्वतःलाच न ओळखून त्याच्याशी भांडणं. त्यातली सगळ्यात जिव्हारी लागणारी समजूत फ्रेंच मनोविकारतज्ज्ञ जोसेफ कापग्रा यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांनी १९२३मध्ये तिचं वर्णन केलं. यात रुग्णाला जवळच्या माणसाचा चेहरा ओळखीचा वाटतो, पण हे ते माणूस नव्हे, त्याच्यासारखा दिसणारा तोतया आहे, अशी खात्री होते. पन्नास वर्षं संसार केलेले आजोबा समोर बसलेल्या बायकोलाच विचारतात, ‘बाई, आमची ही कुठे गेली? तुम्ही कधी आलात?’

भास म्हणजे नसलेलं दिसणं किंवा ऐकू येणं. ते अल्झायमरमध्येही होतात. पण आजाराच्या सुरुवातीलाच स्पष्ट, तपशीलवार माणसं किंवा प्राणी दिसू लागले तर डॉक्टर वेगळी शंका घेतात, ती लेवी बॉडी डिमेन्शिया या स्मृतिभ्रंशाच्या दुसऱ्या प्रकाराची. हा फरक कळणं फार महत्त्वाचं, कारण अशा रुग्णांना मनोविकारावरच्या काही औषधांचा गंभीर त्रास होऊ शकतो.

‘मला घरी जायचंय’

दिवसभर बऱ्यापैकी असलेलं माणूस दिवेलागणीला बदलतं, हा अनुभव अनेक घरांत येतो. अस्वस्थपणा वाढतो, दाराशी खेपा सुरू होतात, पिशवी भरली जाते. ‘मला घरी जायचंय.’ हे घरच आहे, असं कितीही सांगितलं तरी उपयोग नसतो. त्यांच्या मनातलं घर पुष्कळदा कोकणातलं किंवा घाटावरचं लहानपणीचं असतं आणि आई तिथे वाट पाहत असते. इंग्रजीत याला ‘सनडाउनिंग’ म्हणतात. दिवस-रात्रीचं घड्याळ चालवणारा मेंदूतला एक छोटा पेशीपुंज या आजारात झिजतो, हे त्याचं एक कारण. दिवसभराचा थकवा, मंद उजेड आणि भिंतीवर हलणाऱ्या सावल्या त्यात भर घालतात. सकाळी उन्हात थोडं चालणं, दुपारची झोप आटोपशीर ठेवणं, चार वाजल्यानंतर चहा-कॉफी टाळणं आणि अंधार पडायच्या आत दिवे लावणं एवढ्याने बऱ्याच घरांतला संध्याकाळचा त्रास कमी होतो.

ही घालमेल दाराबाहेर गेली की भटकणं सुरू होतं. मराठी प्रेक्षकांना ते सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ चित्रपटात पाहायला मिळालं. मोहन आगाशे यांनी उभे केलेले संस्कृतपंडित चक्रपाणी शास्त्री रस्त्यावर दिसलेल्या हत्तीच्या मागे चालत निघून जातात आणि माहुताच्या कुटुंबात पोचतात. वरवर निरुद्देश वाटणाऱ्या अशा चालण्यामागे रुग्णाच्या दृष्टीने काहीतरी हेतू असतो, हे त्या कथेत नेमकं पकडलं आहे. कोणाला ऑफिसला जायचं असतं, कोणाला शाळेतून मुलांना आणायचं असतं.

जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फ शहरात बेनराथच्या वृद्धाश्रमाने या हेतूला विरोध न करता एक युक्ती केली. आश्रमासमोर शहरातल्या थांब्यांसारखाच बसथांबा उभारला, फक्त तिथे बस येत नाही. घरी जायला निघालेला रुग्ण तिथल्या बाकावर बसतो, थोड्या वेळात आतून कोणीतरी येऊन गप्पा मारतं, ‘बसला उशीर आहे, तोवर कॉफी घेऊ’ म्हणतं. तोपर्यंत निघायची तगमग ओसरलेली असते. ही फसवणूक आहे, असा आक्षेप काहींनी घेतला. दाराला कुलूप लावून कोंडण्यापेक्षा ती बरी, असं म्हणणारेही पुष्कळ आहेत.

सगळ्यात जास्त आढळणारं, तरी सर्वांत कमी तक्रारींचं लक्षण वेगळंच आहे: निरिच्छा. रोज पहाटे फिरायला जाणारे, पेपरातलं शब्दकोडं सोडवणारे, नातवंडांना गोष्टी सांगणारे आजोबा खुर्चीत बसून राहतात. विचारलं तर बोलतात, नाहीतर गप्प. घरच्यांना वाटतं, आळशी झालेत किंवा रुसलेत. डॉक्टरांनाही आधी नैराश्याची शंका येते. पण नैराश्यात माणूस दुःखी असतो, रडतो, स्वतःला दोष देतो. इथे दुःखही नसतं. एखादी गोष्ट सुरू करण्याची प्रेरणा मेंदूच्या ज्या भागांतून येते, तेच झिजलेले असतात. असं माणूस स्वतःहून उठणार नाही; पण हातात मटारच्या शेंगा दिल्या आणि शेजारी बसून कोणी सोलायला लागलं, तर तेही सोलतं.

आधी कारण, मग औषध

बोलून सांगण्याची शक्ती गेली की शरीराचं दुखणं वागण्यातून बाहेर पडतं. ते नॉर्वेतल्या एका अभ्यासाने ठळकपणे दाखवलं. पश्चिम नॉर्वेतल्या १८ शुश्रूषागृहांमधले ३५२ रुग्ण त्यात होते, सगळे स्मृतिभ्रंशाचे आणि आक्रमक किंवा अस्वस्थ. निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले, उरलेल्यांना पायरीपायरीने वेदनाशामकं दिली. त्यातल्या बहुतेकांना लागलं फक्त पॅरासिटॅमॉल. आठ आठवड्यांनी या गटातला अस्वस्थपणा सरासरी १७ टक्क्यांनी कमी झाला होता. २०११मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने हे निष्कर्ष छापले. जो हात उगारला जात होता, त्यामागे कित्येकदा दुखणारा गुडघा, किडलेली दाढ किंवा आखडलेली पाठ होती.

म्हणून जाणते डॉक्टर आधी चौकशी करतात. बदल एक-दोन दिवसांत अचानक आला असेल, माणूस मध्येच गुंगीत जात असेल, तर तो आजार वाढल्यामुळे आला असं धरून चालत नाहीत. लघवीतला जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, कोंडलेलं पोट किंवा अंगातलं पाणी कमी होणं यांपैकी काहीतरी असू शकतं. सर्दी-खोकल्याची साधी गोळी, झोपेचं किंवा लघवीवरचं नवं औषधही मेंदूला आणखी गोंधळात टाकतं. कानातला मळ काढला, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि माळ्यावरचा परका माणूस नाहीसा झाला, असंही होतं.

त्यानंतर पाहायचा तो प्रसंग. समजा, आंघोळीच्या वेळी मारामारी होते. न्हाणीघरात गारवा आहे का? डोक्यावर अचानक तांब्या ओतला जातो का? जन्मभर कोणापुढे पदर ढळू न दिलेल्या बाईचे कपडे एखादी अनोळखी बाई काढते आहे का? पाणी कोमट केलं, अंगावर टॉवेल राहू दिला, आधी पायांवर पाणी घातलं, रोजच्याऐवजी दिवसाआड आंघोळ ठेवली, तर पुष्कळदा भांडण मिटतं. अमेरिकेतल्या हेलन केल्स, लॉरा गिटलिन आणि कॉन्स्टंटाइन लिकेत्सॉस यांनी याच विचाराला चार पायऱ्यांची शिस्त दिली: काय घडलं ते नेमकं सांगा, कारण शोधा, उपाय आखा आणि त्याचा उपयोग झाला का ते तपासा.

औषधांचा प्रश्न त्यामुळेच नाजूक आहे. भास आणि संशयावर मनोविकाराची औषधं पूर्वी सर्रास दिली जात. २००५मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १७ चाचण्यांचा आढावा घेऊन इशारा दिला. दहा आठवड्यांच्या ठरावीक चाचणीत ही औषधं घेणाऱ्या स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांपैकी सुमारे ४.५ टक्के दगावले होते, खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी सुमारे २.६ टक्के. पुढच्या वर्षी ४२१ रुग्णांवरच्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत असं दिसलं, की काहींना फायदा झाला तरी दुष्परिणामांनी तो बव्हंशी खाऊन टाकला. २००९मध्ये प्राध्यापक सुबे बॅनर्जी यांनी ब्रिटिश सरकारला दिलेल्या अहवालात अंदाज मांडला: देशात वर्षाला स्मृतिभ्रंशाच्या सुमारे १,८०,००० रुग्णांना ही औषधं दिली जातात आणि त्यापायी सुमारे १,८०० जादा मृत्यू होतात. त्यानंतर तिथला वापर बराच आटोक्यात आला.

याचा अर्थ ही औषधं कधीच देऊ नयेत, असा नाही. रुग्ण स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करेल अशी वेळ असेल, भासांनी तो भेदरून गेला असेल आणि बाकीचे उपाय थकले असतील, तर कमीत कमी मात्रेत, थोड्या काळासाठी ती देतात आणि दर काही आठवड्यांनी फेरतपासणी करतात. अल्झायमरमधल्या अस्वस्थपणासाठी म्हणून अमेरिकेने पहिलं औषध मंजूर केलं ते २०२३मध्ये, ब्रेक्सपिप्राझोल; त्याच्या वेष्टनावरही मृत्यूच्या जोखमीचा तोच इशारा आहे. शेजाऱ्यांच्या आजोबांना लागू पडलेली गोळी केमिस्टकडून आणून आपल्या आजोबांना देणं मात्र धोक्याचंच. आणि चालू असलेली गोळी मनाने एकदम बंद करणंही तसंच.

गोव्यातल्या ८१ घरांमध्ये

पाश्चात्त्य देशांत असतात तशी शुश्रूषागृहं आपल्याकडे मोजकीच आहेत. इथे रुग्ण घरीच असतो. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीच्या अंदाजाप्रमाणे भारतात साठी ओलांडलेल्या ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे या वयातल्या ७.४ टक्के. त्यांची काळजी घेणारी बहुधा बायको, सून किंवा मुलगी असते.

गोव्यात विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी याबद्दल लोकांशी बोलून केलेला अभ्यास २००१मध्ये प्रसिद्ध झाला. लक्षणांचं वर्णन ऐकताच लोकांना ती ओळखीची वाटली, पण तो आजार आहे असं कोणाला वाटलं नाही. काहींच्या मते ते म्हातारपण होतं, काहींच्या मते मुलांनी आईबापांची हेळसांड केल्याचं फळ. म्हणजे जी सून रात्री तीन-तीनदा उठते, तिच्याच माथी गावाने दोष मारायचा, अशी ही परिस्थिती.

पुढे अमित डायस आणि सहकाऱ्यांनी गोव्यातच ८१ कुटुंबांना घेऊन एक चाचणी केली. निम्म्या घरांत प्रशिक्षण दिलेल्या गृहसेवा सल्लागार जात. या डॉक्टर किंवा नर्स नव्हत्या. त्यांच्या पाठीशी मनोविकारतज्ज्ञ होते. त्या आजार समजावून सांगत, कठीण वागणुकीला कसं तोंड द्यावं ते दाखवत, घरातल्या इतरांना कामाचा वाटा उचलायला सांगत, गरज पडली तर डॉक्टरांकडे पाठवत, सरकारी योजनांची माहिती देत. २००८मध्ये छापलेल्या निष्कर्षांत काळजी घेणाऱ्यांचं मानसिक आरोग्य स्पष्टपणे सुधारलं होतं आणि रुग्णाच्या वागण्याचा त्यांना होणारा मनस्ताप कमी झाला होता. रुग्णाच्या लक्षणांत मात्र ठाम म्हणता येईल इतका फरक पडला नव्हता. वागणं जवळपास तेच होतं. त्याचा अर्थ कळल्यावर आणि मदतीला कोणीतरी आल्यावर घरातल्यांना ते झेपू लागलं होतं.

तेव्हा घरातलं वयस्क माणूस एकाएकी संशयी, भित्रं किंवा अबोल झालं, तर ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून सोडून देऊ नका. मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मनोविकारतज्ज्ञाकडे जाताना केवळ ‘विसरतात’ एवढीच तक्रार सांगू नका. काय झालं, किती वाजता झालं, त्याआधी काय चाललं होतं, कोणती औषधं चालू आहेत, हे आठवडाभर वहीत लिहून ती वही सोबत न्या. रुग्णाची सेवा एकाच बाईवर पडली असेल, तर आठवड्यातले काही तास तरी तिला सुट्टी मिळेल अशी वाटणी घरातल्या बाकीच्यांनी करावी. केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं आणि ज्येष्ठांसाठीची ‘एल्डरलाइन’ १४५६७ या क्रमांकावर आहे. दोन्ही सेवा मोफत आहेत, आणि काळजी घेणाऱ्या माणसानेही तिथे स्वतःसाठी फोन करायला हरकत नाही.